दोन नेटवर्कांमधला डबा

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. काम नीट चाललं तर कुणी फोन करत नाही, बिघडलं की अर्धं नगर करतं. त्यामुळे आमच्या वाट्याला फक्त किस्सेच येतात.

काम साधं आहे. कारखान्यात मशीनचं एक नेटवर्क असतं आणि ऑफिसचं वेगळं. दोघांचे पत्ते वेगळे, वाटा वेगळ्या. मधे आम्ही एक छोटा डबा बसवतो, तो इकडची माहिती तिकडे पोचवतो. मी आणि बोरुडे सर, दोघांचीच फर्म.

नागापूरच्या एका कारखान्यात मी नवी होते तेव्हा घाईत डबा न बसवताच दोन्ही नेटवर्क सरळ जोडून टाकली. दुसऱ्या दिवशी फोन आला, प्रेस मशीन सारखं बंद पडतंय. ऑफिसातला प्रिंटर आणि ते मशीन, दोघांना एकच पत्ता दिलेला निघाला. इकडे प्रिंटर सुरू केला की तिकडे प्रेस बंद. क्लार्क मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. म्हणाल्या, "मी फक्त वाढदिवसाचं कार्ड छापत होते हो."

त्याच कारखान्यात एकदा सगळंच ठप्प झालं. दोन तास शोधल्यावर दिसलं, एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या सगळ्या वायरी जोडायच्या पेटीत, खोचलेली. माहिती आत गोल गोल फिरत होती. वॉचमन म्हणाले, "वायर लोंबत हुती. कुनाचा पाय अडकंल म्हनून बसवली."

बोरुडे सर खालीच बसले. "अहो, पण दोन्ही टोकं?"

"मग एक मोकळं कसं ठेवायचं?"

तिसगावच्या दूध केंद्राला आम्ही डबा पार्सलने पाठवला, जोडायचं कसं ते फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून नगरच्या ऑफिसात दुधाचे आकडे बिनचूक यायला लागले. चार महिने आम्ही गिऱ्हाइकांना तिसगावचं उदाहरण देत होतो. मग सर तिथे गेले, तर डबा पॅकिंगसकट कपाटात.

"मग आकडे कसे जातात?"

"फोनवर वाचून दावतो की," केंद्रचालक म्हणाले. "नगरच्या हापिसात आमची सून हाय, ती टाईप करती. डबा लई महागाचा, धूळ बसंल म्हनून ठिवला."

आणि ही भट्टीची गोष्ट. एका कारखान्यातली लोखंडी भाग तापवायची भट्टी, फक्त दिवसपाळीत चालणारी. उष्णता हद्दीबाहेर गेली की आमच्या डब्याने मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर इशारा पाठवायचा. मधे ऑफिसातल्या कॉम्प्युटरांचे पत्ते बदलले, मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अकरा आठवड्यांनी तपासायला गेले, तर डबा प्रत्येक इशारा जुन्याच पत्त्यावर पाठवत होता. तो पत्ता आता कुणाचाच नव्हता. एकही इशारा कुणाला मिळाला नव्हता.

पण डब्यातल्या नोंदीत दिसत होतं, दर वेळी पाचेक मिनिटांत कुणीतरी उष्णता कमी केली होती.

भट्टीवर साळवेताई एकट्याच असतात. मी विचारलं, "इशारा तुम्हाला कसा कळायचा?"

"कसला इशारा?" त्यांनी हातमोजा काढून भट्टीच्या बाहेरच्या भिंतीजवळ तळवा धरला. "इथं चटका वाढला की मी कमी करते."

मीही हात धरला. मला काहीच कळलं नाही.

"आणि तुम्ही नसलात की?"

"वर्षभरात एक दिवस न्हाई चुकले," त्या म्हणाल्या. "उद्यापासून आठ दिवस लेकीकडं चाललेय. बदलीला कोन येनार हाय, ते मलाबी सांगितलं न्हाई."