गप्प राहिलेलं बोट

चूक माझी होती. एवढं वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, आणि आत्ता लिहितानाही डाव्या हाताची मूठ आपोआप वळते आहे. हे मी बायकोला सांगितलं नव्हतं. देवळात गाऱ्हाणं घालतानाही तेवढं वगळून बाकीचं बोलायचो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

मी वायरमन आहे. रत्नागिरी आणि लांजा यांच्यामधल्या वाड्यांमध्ये घरांचं वायरिंग, विहिरींवरचे पंप, अशी माझी कामं. वय एक्कावन्न. आणि माझ्या डाव्या हाताच्या, करंगळीशेजारच्या बोटात, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढा लोहचुंबक होता.

हसलात? हसा. मी त्रेचाळीस वर्षांचा होतो तेव्हा. मोबाईलवर महिनाभर तेच बघत बसायचो — परदेशातली माणसं हातात चिप बसवून दारं उघडतात, बोटात चुंबक घालून वीज ओळखतात. वाटलं, हे तर माझ्याच धंद्याचं आहे. गोव्याला मेव्हण्याकडे गेलो होतो, तिथल्या एका टॅटूच्या दुकानात बोट चिरून घेतलं. दोन टाके पडले. बायकोला सांगितलं, पत्रा लागला. खोटं बोलायला तिथूनच सुरुवात झाली, पण ते लहान खोटं.

जखम भरली आणि बोट बोलायला लागलं. चालत्या मिक्सरजवळ नेलं की आत मधमाशी अडकल्यासारखी गुणगुण. ट्रान्सफॉर्मरखाली उभं राहिलं की दात शिवशिवतात तशी शिवशिव. मोटरला करंट पोचतोय की नाही, हे मी पेटी न उघडता सांगायचो. लोक म्हणायला लागले, मोहनच्या हाताला गुण आहे. मी काय म्हणायचो? नुसता मान खाली घालून हसायचो. माझ्याबरोबर पंधरा वर्षं काम करणारा दिलीप, त्यालाही कळू दिलं नाही. तो सगळीकडे अभिमानानं सांगत फिरायचा, आमच्या मोहनला वास येतो विजेचा.

आणि हळूहळू — हे महत्त्वाचं आहे — माझा टेस्टर पिशवीतच राहायला लागला.

इंदूकाकींच्या पंपाची गोष्ट मे महिन्यातली. काकी तेव्हा सत्तरीच्या पुढे, एकट्या. मुलगा मुंबईला. घरामागे कातळात खोदलेली विहीर, तिच्यावर पंप, आणि पंप दोन दिवस बंद. केबलचा जोड खराब झाला होता. मी सवयीनं हाक मारली, ‘काकी, मेन खाली करा!’ काकींनी आतून ओरडून सांगितलं, ‘केला रे!’ दिलीप चपला काढून ओल्या कठड्यावर बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘बघितलंस ना मेल्या? नायतर माझी बायको तुझ्या दारात आणून बसवीन.’

मी टेप गुंडाळलेल्या जोडाला बोट लावलं. बोट गप्प होतं. म्हटलं, ‘बंद हाय. सोड टेप.’

तुम्हाला एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण मी ती समजूनही विसरलो होतो. चुंबकाला कळतो तो वाहणारा करंट. पंप चालतच नसेल तर तारेतून काही वाहत नाही, आणि तरी तार जिवंत असते. नळ बंद आहे म्हणून पाईपात पाणी नाही असं थोडंच असतं? टेस्टरनं ते क्षणात दाखवलं असतं. टेस्टर वीस पावलांवर, पडवीत, पिशवीत होता.

दुसरी गोष्ट याहून वाईट. पंपाची लाइन घराच्या मेनवर नव्हतीच. तिचा वेगळा स्विच मागच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात, होता. ती लाइन चार वर्षांपूर्वी मीच ओढली होती. तेव्हा सांगायचं राहिलं आणि काकींना ते माहीतच नव्हतं. मला माहीत होतं.

दिलीपनं टेप सोडून तारेला हात लावला. त्याचा आवाज आला नाही. माणूस ओरडेल असं वाटतं, पण तो नुसता ताठ झाला, आणि मग मागे जांभ्याच्या दगडांवर फेकला गेला. विहिरीत पडला नाही, ते कोणाच्या पुण्याईनं, देव जाणे. मी आधी मांगराकडे धावलो. स्विच खाली ओढला. मला बघणारं तिथे कोणी नव्हतं. त्या अंधाऱ्या मांगरात, शेणी आणि सुक्या नारळांच्या वासात, मी किती वेळ उभा होतो? दोन श्वास असतील. पण त्या दोन श्वासांत मी दिलीपचा विचार केला नाही. लायसनचा केला. बोटाचा केला — आता हे सगळ्यांना कळणार.

तोवर वाडीतली माणसं खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जमली होती. दोघांनी दिलीपला उचलून खळ्यात आणलं. तो श्वास घेत होता, उजवा हात काळा पडला होता. काकी दारात उभ्या होत्या. आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, ‘काकी, तुम्ही मेन परत चालू केलात काय?’

एवढंच. मी आरोप केला नाही, नुसतं विचारलं — वर्षानुवर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. पण खळ्यातली प्रत्येक मान काकींकडे वळली, आणि मी ती वळू दिली. काकी म्हणाल्या, ‘नाय रे... केला होता ना बंद... फ्रीजचा आवाज येत होता की काय... मला आठवत नाय.’ कोणीतरी म्हणालं, वय झालं हो. झालं. गुन्हा ठरला.

दिलीप वाचला. उजव्या हाताची दोन बोटं कायमची आकडली. तो आता लांज्याला स्टँडजवळ भावाच्या दुकानात बसतो. माझ्याशी तसाच बोलतो, मेल्या म्हणतो. दर चतुर्थीला त्याच्या घरी काकींकडून तांदूळ आणि नारळ जातात. तो नको म्हणतो, तरी जातात.

मी नंतर चुंबक काढून का टाकला नाही? डॉक्टरला सांगावं लागलं असतं. भीती अशीच असते — ती लपवायला सांगते, आणि लपवलेलंच मग रोज भीती घालतं. घरातला मिक्सर लागला की मी अंगणात जायचो. बोट गुणगुणलं की वाटायचं, ऐकू जातंय कोणाला तरी.

तीन वर्षांपूर्वी एका तिन्हीसांजेला काकींच्या घरावरून जात होतो. आत काळोख. वाटलं, काही झालं की काय. हाक मारली तर काकी पडवीतच बसलेल्या. म्हणाल्या, ‘मोहन काय? बरा आलास. तेवढा दिवा लावून जा.’ बटण त्यांच्या डोक्यावर, हात वर केला की पोचेल इतकं जवळ. मी बघत राहिलो. त्या म्हणाल्या, ‘मी हात लावत नाय रे बटणाला. शेजारची सुनबाय येते नी लावते. एकाच्या हाताचं वाटोळं केलं तेवढं पुरे.’

मी दिवा लावला. आणि घरी आलो. हो, तेव्हाही काही बोललो नाही. यापेक्षा मोठी लाज दुसरी कुठली असेल, मला ठाऊक नाही.

यंदा मान धरली. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. दिलीपच हट्टानं बरोबर आला. फॉर्मवर विचारलं होतं, शरीरात धातू आहे का? मी ‘नाही’ लिहिलं. सवयीनं! अंगठी काढली, पट्टा काढला. तंत्रज्ञ बाईंनी त्या खोलीचं दार उघडलं, मी उंबऱ्याशी गेलो, आणि बोटात काहीतरी फिरलं. कातडीच्या आत. जणू कोणी आतून नखानं ओढत होतं. मी किंचाळलो. भिंतीला पाठ लावून, हात छातीशी धरून, बाईंना सगळं सांगितलं — चुंबक आहे, या बोटात, आठ वर्षं झाली.

दिलीप बाकावर बसला होता. त्यानं ऐकलं. त्याची आकडलेली बोटं मांडीवर होती. तो माझ्या बोटाकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे तेव्हा तू टेस्टर लावलाच नव्हतास.’

मी मान हलवली. स्विचचंही सांगितलं, मांगराचंही. तोंडातून शब्द पडत गेले. ‘दिलीप, माझं —’ म्हणेपर्यंत तो उठला. म्हणाला, ‘मला काय सांगतोस? मी दुकानात बसलो, लोकांत बसलो. ती म्हातारी काळोखात बसलीय. तिला जाऊन सांग.’

चुंबक काढल्यावर, बोटाला पट्टी असतानाच काकींकडे गेलो. पडवीत बसून सगळं सांगितलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, ‘तेव्हा विचारलंस ते खळ्यात विचारलंस ना?’ आणि शेजारच्या सुनेला हाक मारून म्हणाल्या, ‘जा गो, वाडीत सगळ्यांना बोलाव.’

माणसं आली. त्या दिवशी होती त्यातली बरीचशी. दिलीपही लांज्याहून आला, मागे गडग्याच्या दगडी कुंपणाला टेकून उभा राहिला. काकी दारात, त्याच जागी. मी खळ्यात मधोमध उभा राहिलो.

मी म्हणालो, ‘काकींनी मेन बंदच केला होता. परत चालू केला नव्हता. पंपाची लाइन वेगळी होती, ती मी ओढली होती, आणि मला माहीत होतं. मी तपासलं नाही. दिलीपचा हात माझ्यामुळे गेला आणि नाव मी काकींचं पुढे केलं. काकी, तुमचा काहीच दोष नव्हता. दोष माझा होता. माझं चुकलं.’