अक्का, मी आणि रक्तातली वाटणी

अक्काच्या घरमालकीण रुक्साना भाभींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडत होते. "नंदाबाई, आ जाओ," एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग, "घाई नका करू. अब जल्दी का काम नही रहा..." यवतमाळहून नेरची बस लगेच मिळाली, खिडकीची जागाही मिळाली. बाहेर कपाशी फुटलेली होती, बायका वेचत होत्या. शेजारच्या आजी मला कुठल्याशा लग्नाचं सांगत होत्या आणि मी हं हं म्हणत होते. माझी मोठी बहीण गेली, हे मी त्यांना सांगितलं नाही. कशानं गेली, असं त्यांनी विचारलं असतं. या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कितीतरी वर्षं कोणाजवळ नव्हतं, आणि आता आहे तर ते बसमधल्या बोलण्यात मावणारं नाही.

विमलअक्का एसटीत कंडक्टर होती. अंगानं बारकी, पण आवाज असा की दाराशी उभी राहून बोलली तरी मागच्या बाकावरचा झोपलेला माणूस उठून बसायचा. "सरका ना बापा मागं, तिकडं काय वाघ बसला हाये?" असं ती म्हणाली की गर्दी हसत हसत सरकायची. नेरला भाभींच्या घरात मागच्या अंगाची खोली तिनं भाड्यानं घेतली होती आणि नोकरीची बहुतेक वर्षं तिथंच काढली. एकटीनं. ती एकटी का राहिली, याबद्दल आमच्या गावानं पुष्कळ काही बोलून घेतलं होतं.

आमचं गाव मारेगावजवळ. घरची शेती, कापूस आणि तूर. आमच्या आत्याला भाकर थापता येईना झाली तेव्हा मी फार लहान होते. आधी हात गेले, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. डोकं मात्र अखेरपर्यंत शाबूत. आपलं काय होतंय ते तिला सगळं कळत होतं. काही वर्षांनी बाबांच्या हातून बैलाचा कासरा सुटायला लागला आणि आईनं देवापुढे बसून रडायला सुरुवात केली. आजोबांनी कधीकाळी बांधावर नाग मारला होता म्हणे, त्याचा हा भोग, असं गावात सगळे म्हणत. आईनं गंडेदोरे केले, उतारे केले, कोण सांगेल तिथं बाबांना बैलगाडीत घालून नेलं. शेवटी बाबांना घास भरवायचं काम अक्काकडे आलं. त्यांची जीभ वळत नसे, म्हणून घास किती लहान करायचा, हे फक्त तिला जमायचं.

बाबा गेल्यावर वर्षभरात तिचं मुकुटबनला जमलं. मुलगा चांगला होता, साखरपुडाही झाला. आणि एक दिवस अक्का आईसमोर उभी राहून म्हणाली, "मले लग्न करायचं नाई." कारण विचारलं तर गप्प. काकांनी आवाज चढवला, आईनं तिच्याशी बोलणं टाकलं. अक्कानं नोकरी धरली, बिऱ्हाड केलं, आणि काही वर्षांनी माझं लग्न मात्र स्वतः पुढे होऊन लावून दिलं. मांडवात सगळ्यात जास्त तीच नाचली होती.

मग मधे बरीच चांगली वर्षं गेली. माझी केतकी झाली, मोठी झाली, पुण्याला शिकायला गेली. आई गेली. नागाची गोष्ट आम्ही जवळजवळ विसरलो होतो... म्हणजे मी विसरले होते. एक दिवस अक्काचा फोन आला. "नंदे, माह्या अंगठ्यानं राजीनामा देला." तिकिटाच्या मशीनचं बटण तिला दाबलं जात नव्हतं. ती हसत होती. मी हसू शकले नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या, आत्याचं आणि बाबांचं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी रक्तातून जीनची तपासणी करायला लावली. अहवाल आला तेव्हा त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. एसओडी-वन नावाचा एक जीन प्रत्येक माणसात असतो. आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनमधून शरीरात काही घातक कण तयार होतात, ते निकामी करणारं एन्झाइम या जीनवरून बनतं. आमच्या घराण्यात त्या जीनमध्ये एक बारीकसा बदल आहे. त्यामुळे ते एन्झाइम वेडंवाकडं बनतं, त्याच्या गाठी होतात आणि हातापायाला हुकूम देणाऱ्या पेशी हळूहळू मरतात.

अक्कानं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे गाडीची झाडपूस कराले ठेवलेला माणूसच गाडीत घाण करून राह्यला," ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, "हो, तसंच."

"अन् नाग?"

"नागाचा काही संबंध नाही, बाई."

"आईले सांगाले पाह्यजे होतं कोणी," अक्का म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचे डोळे भरले. औषधाचं आम्ही विचारलं. गोळीनं थोडा वेळ मिळेल, नवं काही निघालंय पण ते आपल्या हाताशी नाही, असं ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी सांगितलं की आईवडिलांपैकी एकात हा बदल असला की प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी. तुम्हाला तपासायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

परतीच्या बसमध्ये अक्का आपणहून बोलली. "आत्याचे हात पाह्यले होते मी. मंग बाबाचे. पुढचे कोनाचे, हे मनात होतंच. मुकुटबनच्या पोराले कायले फसवू? अन् लेकरू झालं असतं तं..."

मला राग आला. "मंग माहं लग्न काहून लावून देलं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "पक्कं कुठं मालूम होतं मले? शंकाच होती. एका शंकेपायी दोघीईनं कायले जिंदगी वाळवाची?"

हे ओझं ती एवढी वर्षं एकटीनं वागवत होती. त्यानंतर माझ्या घरी राहायला चल म्हणून मी किती हट्ट केला. ती आली नाही. "तुह्या पोरीनं हे पाहू नये," एवढंच म्हणे. केतकी सुट्टीत आली की अक्का तिच्याशी फोनवर बोलणंसुद्धा टाळायची. भाभी आणि त्यांची सून तिचं सगळं करत. मी शनिवारी जायची, वेणी घालून द्यायची, पेज भरवायची. तिचा तो आवाज आधी जड झाला, मग पुसट, मग नुसतेच डोळे बोलायला लागले.

ती अगदी गप्प होण्याआधी मी त्याच तपासणीसाठी रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, "तुमच्यात तो बदल नाही. म्हणजे तुमच्या मुलीतही नाही." मी नेरला जाऊन अक्काच्या कानाशी तेच शब्द सांगितले. तिचं तोंड वाकडं झालं; मला वाटलं श्वास अडकला, पण ती हसत होती. मोठ्या कष्टानं तिनं एकच शब्द काढला. "केतकी..."

केतकी दुसऱ्याच दिवशी निघून आली. ती मावशीच्या उशाशी बसून मोबाइलवरचे फोटो दाखवत राहिली आणि अक्का एकेक फोटो डोळे भरून बघत होती. इतक्या वर्षांचं बघायचं राहिलं होतं. दाराशी उभी राहून मी दोघींना बघत होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्याखाली एक विचित्र पोकळी होती. आत्या, बाबा, अक्का एका बाजूला आणि मी दुसऱ्या. आमच्या रक्ताची वाटणी झाली आणि त्यात मी सुटले. पण सुटले म्हणजे त्यांच्यातून वेगळीही झाले. हे कोणाला सांगितलं तर लोक म्हणतील, बाई वेडी झाली. अक्काला सांगता आलं असतं. तिला कळलं असतं.

भाभी म्हणाल्या, शेवट शांत होता. "बस, साँस थक गई." सगळे दिवस झाल्यावर खोली रिकामी करायला मी गेले तेव्हा त्यांनी मला काही उचलू दिलं नाही. "राहू द्या अजून," म्हणाल्या. मीही आग्रह केला नाही.

अक्काच्या आजारपणात आमची एक सवय झाली होती. रोज सकाळी माझ्या चहाच्या वेळी ती फोन करायची आणि एवढंच विचारायची, "हात?" मी मूठ उघडझाप करून सांगायची, "हाये." वाचा गेल्यावर भाभी फोन लावून तिच्या तोंडाशी धरत, नुसता श्वास ऐकू यायचा आणि मी म्हणायची, "हाये, अक्का." माझा अहवाल आल्यावर खरं तर विचारायचं काही उरलं नव्हतं, तरी फोन येत राहिला. आता येत नाही. काल सकाळी चहा गाळून झाल्यावर मी ओट्याशी तशीच उभी राहिले. मूठ आवळली, सोडली. घरात कोणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "हाये."