बजरंग तांबटांनी मान हलवली

कसबा पेठेतल्या बजरंग तांबटांना गेली सात-आठ वर्षं नीट ऐकू येत नव्हतं, आणि हे त्यांनी घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं तांब्याची भांडी ठोकणाऱ्याचे कान शाबूत राहतील कसे? समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत. हातोडा चालू असताना दुकानात कुणी आलं, की नुसती मान हलवायची. म्हणजे ‘पाहिलं तुला, थांब, हात मोकळा होऊ दे.’ आळीतल्या पोरासोरांनाही ही रीत ठाऊक होती.

दुकान दोघा भावांचं. धाकटा श्यामसुंदर खराडीला राहायला गेला आणि त्याला ते विकायची घाई झाली. बजरंगना हात चालेल तोवर तिथेच बसायचं होतं. दुसरं काही नको होतं हो त्या माणसाला!

प्रकरण कोर्टात गेलं, कोर्टाने ऑनलाइन मध्यस्थी सुचवली.

“भांडण समोरासमोर बसून मिटतं,” बजरंग म्हणाले. “मोबाइलवर फार तर वाढतं.”

“बाबा, कोर्टात हयात जाईल तुमची,” त्यांची मुलगी नम्रता म्हणाली. “मी देते ना सगळं लावून.”

त्या सोयीवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता, लेकीवर होता. तिने मोबाइल उभा करून दिला. तिसऱ्याने बसायचं नाही असा नियम, म्हणून ती बाहेर गेली.

पडद्यावर एका चौकटीत श्यामसुंदर होता, दुसरीत मध्यस्थ बाई. बाई सभ्य होत्या. पण चित्र अडखळत होतं, ओठ काही केल्या वाचता येईनात. ऐकू येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून बजरंग मान हलवत राहिले. थांबा, जरा थांबा. शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली. ओटीपी आला. आला की टाकायचा, हे लेकीने शिकवलंच होतं. त्यांनी टाकला.

दुसऱ्या दिवशी नम्रताने कागद वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. दुकान विकायला दोघांची संमती झाली होती.

“बाबा, तुम्ही हो का म्हणालात?”

“मी कुठे हो म्हणालो? नुसती मान हलवली.”

बाईंना कसला बोल लावायचा? त्यांना आळीची रीत कुठून कळणार? पण श्यामसुंदर याच आळीत वाढला होता. लहानपणी जेवणाचा डबा घेऊन तो या मानेपुढे किती वेळा थांबला असेल. आणि काल नेमकं त्याच क्षणी त्याने खाली पाहिलं होतं. तेवढं मात्र बजरंगना स्वच्छ दिसलं होतं.

“काकाला विचारा तरी, बाबा.”

“त्याला काय विचारायचं?” बजरंग म्हणाले. “त्याचे कान चांगले आहेत.”