हात बसला का?

सोल्डरिंगच्या टेबलावर पंखा लावता येत नाही, हे नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगावे लागते. वारा लागला की वितळलेले कथील भलत्या वेळी गार होते आणि तार धरत नाही. वरून जोड झालेला दिसतो, आत सगळे सुटे. त्याला आम्ही कोरडा टाका म्हणायचो. नागपूरचा मे महिना, वर पत्र्याचे छप्पर, हातात तापलेले आयर्न आणि डोक्यावरचा पंखा बंद. पुढच्या खोलीत मालकाचा कूलर चालायचा. त्याच्या ओल्या खसाचा वास तेवढा आमच्यापर्यंत यायचा.

कारखाना म्हणायचे, होत्या गांधीबागेजवळच्या गल्लीतल्या तीन खोल्या. तिथे आम्ही स्टॅबिलायझर बनवायचो. शहरात टीव्ही नुकते नुकते येत होते आणि व्होल्टेजचे असे की संध्याकाळी चित्र आक्रसून पोस्टकार्डाएवढे व्हायचे. ज्याच्या घरी टीव्ही आला त्याला महिनाभरात स्टॅबिलायझर घ्यावाच लागे. सोल्डरिंगचा मास्तर मी. मास्तर म्हणजे काय, त्या खोलीत मी एकटाच होतो. माझ्या हाताखालचा कारागीर नोकरी लागून भिलाईला गेला, तेव्हापासून सकाळी नऊ ते सहा मी, आयर्न आणि राळेचा धूर.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. लग्न झाले होते. तिसऱ्या वर्षी बायको माहेरी गेली ती परत आली नाही. आमचे भांडण झाले नव्हते. भांडण व्हायला दोन माणसांनी बोलावे लागते, आणि मी घुम्या. जे बोलायचो ते खेकसून. ती गेल्यावर आठवडाभर मला बरे वाटले, आणि पुढची सोळा वर्षे वाईट. महालातल्या माझ्या खोलीत रविवारी कोणाशी एक शब्द न बोलता दिवस मावळायचा. सोमवारी पानवाल्याशी बोलायला गेलो की घसा खाकरून घ्यावा लागे.

संक्रांत होऊन गेल्यावर मालकाने एका बाईला माझ्या खोलीत आणले. तिशीची असेल. काटोलकडची, नवरा दोन वर्षांपूर्वी वारलेला. आधी ती एका शिंप्याकडे काजे-बटणे करायची. "मास्तर, ह्या बाईले टाका शिकवा," मालक म्हणाले. "हात बसला का सांगा, मंग पक्की करू." एवढे बोलून ते कूलरकडे गेले.

हात बसला हे मास्तरने सांगायचे, आणि मास्तरने सांगितले की झाले. लेखी परीक्षा नाही, कागद नाही. मास्तर म्हणतो तोवर माणूस शिकाऊ. शिकाऊ म्हणजे अर्धी मजुरी, आणि मालकाची मर्जी फिरली तर उद्या येऊ नको.

तिला घाई होती आणि का होती ते तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले. तिची सहा वर्षांची मुलगी काटोलला भावाकडे होती. "पक्की झाली का सक्करदऱ्यात खोली घेतो न् पोरीले आनतो. जूनमदी पहिलीत टाकाची हाय तिले," ती म्हणाली. "भाऊ चांगला हाय, पन भावजयीच्या घरात पोरगी पाहुनीच ना." तेव्हा मला हे माहीत नव्हते असे मी कधीही म्हणू शकणार नाही.

टाका शब्दाने पहिले तीन दिवस आमचा घोळ झाला. शिंप्याकडून आलेली बाई; टाका म्हटल्यावर ती तार भोकातून ओवून खालून वर दोनदा घ्यायची, गाठ मारायची आणि मग वर कथील सोडायची. "अवं, परकर शिवून राहिली का तू?" मी ओरडलो. ती दचकली नाही. उलट हसली आणि म्हणाली, "टाका मना लागले तुमी, मंग मी काय करू!" त्या खोलीत कित्येक वर्षांत कोणी हसले नव्हते. मलाही हसू आले, आणि ते लपवायला मी खाली वाकून पडलेला स्क्रू शोधत बसलो. स्क्रू पडलाच नव्हता.

मग मी तिला रीतसर शिकवू लागलो. तांब्याच्या तारेवरची लाख ब्लेडने खरवडायची, तार गुलाबी दिसेपर्यंत. आधी तार तापवायची, कथील तिच्यावर आपोआप पळते. आयर्नवर कथील घेऊन ते लिंपायचे नाही, आपण काही घर सारवत नाही. आयर्न उचलल्यावर चार आकडे मोजायचे आणि तोवर श्वासही जपून घ्यायचा. चांगला टाका आरशासारखा चमकतो. कोरडा टाका राखाडी आणि रवाळ दिसतो.

हे सगळे ती पटापट शिकली, तरी तिचे टाके कोरडेच होत. मी कथील बदलले, आयर्नचे टोक घासले, राळ नवी आणली. दहा दिवस मला उमजेना. मग एकदा मी तिच्या हातांऐवजी तोंडाकडे पाहिले. आयर्न उचलले की ती टाक्यावर हळूच फुंकर घालत होती. गरम भातावर लेकरासाठी घालतात तशी. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ती ओशाळली. "गरम दिसलं का फुकनं होऊनच जाते, मास्तर," म्हणाली. त्यावर मी उपाय काढला: आयर्न उचलले की मोठ्याने आकडे मोजायचे. मोजणाऱ्या तोंडाला फुंकता येत नाही. पाचव्या आठवड्यात तिने मोजणेही सोडले, आणि फुंकर गेलेली होती. त्या शनिवारी मी तिने टाके घातलेली सर्किटची एक प्लेट हातात घेतली. एकोणीस टाके होते. एकोणीसही चमकत होते. चिमट्याने ओढून पाहिले, एकही हलला नाही.

संध्याकाळी मालकांनी दारातून विचारले, "मास्तर, हात बसला का बाईचा?"

"अजून कच्चा हाय," मी म्हणालो.

असे का म्हणालो हे त्या क्षणी मला कळले नाही अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घातली. पण मला कळले होते. पक्की झाली की ती पलीकडच्या खोलीत ट्रान्सफॉर्मरच्या टेबलावर जाणार होती. तिथे टाके घालायला माणूस कमी होता. दुपारी एक वाजता ती डबा उघडायची, आणि माझ्या खानावळीच्या पाणचट वरणाकडे पाहून न विचारता माझ्या झाकणात आंबाडीची भाजी नाहीतर बेसन घालायची. काटोलच्या बाजारातल्या गमती सांगायची, जिच्या पडवीत भाड्याने राहायची त्या घरमालकिणीची नक्कल करायची. मी हूं हूं करायचो. रात्री खोलीवर गेल्यावर ते सगळे मी पुन्हा आठवायचो, आणि उद्या तिला काय सांगायचे ते जुळवायचो. तिच्याविषयी माझ्या मनात वाईट काही नव्हते, ती मला धाकट्या बहिणीसारखी होती. पण ती त्या खोलीतून गेली असती तर मी पुन्हा मुका झालो असतो, आणि मला ते सोसवणार नव्हते. खोटे बोलायला एवढे कारण पुरले.

पुढच्या शनिवारी पुन्हा "कच्चा" म्हणालो. त्याच्या पुढच्याही. एकदा खोटे बोललेल्या माणसाला दुसऱ्यांदा सोपे जाते म्हणतात. मला ते नुसते सवयीचे झाले.

एप्रिलच्या अखेरीस मालकांना शंका आली. "दाखवा बरं, काय कच्चं हाय ते," म्हणाले. ती पाणी भरायला बाहेर गेली होती. मी तिच्या प्लेटवरच्या एका टाक्याला आयर्न लावले, आणि कथील गोठायच्या आत तार चिमट्याने हलवली. टाका राखाडी पडला. मालकांना दाखवला. ते मान हलवून गेले. ती परत आली तेव्हा प्लेट टेबलावर तशीच होती. तिने बराच वेळ ती डोळ्यांजवळ धरली.

"हे माह्या हातानं झालं?" तिने विचारले.

"मंग कोनाच्या?" मी म्हणालो.

त्यानंतर दुपारी तिचे बोलणे कमी झाले. ज्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला तेच माझ्या हातून गेले, पण शहाणपण येईल तर मी कसला. ती माझ्याकडून मोडक्या प्लेटा मागून घरी नेऊ लागली. मे महिन्यात एकदा तिच्या अंगठ्याला आणि दोन बोटांना मोठाले फोड आलेले दिसले. घरी आयर्न कुठले? ती रात्री शेगडीत लोखंडी खिळा तापवून, तो फडक्यात धरून टाके घालत होती. "तुमीच सांगा मास्तर," ती म्हणाली, "माहा हात काहून बसून नाई राहिला? तुमी तर सारं सांगता. माह्यातच काही कमी असन."

त्याच दिवशी सांगायला हवे होते. मी तिला मलमाची डबी आणून दिली. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपोटी मी तिच्यावरच खेकसलो की खिळ्याने कधी कोणी सोल्डरिंग शिकते का. जून आला. शनिवारी संध्याकाळच्या बसने ती काटोलला जायची. एका सोमवारी परतल्यावर तिने डबा न उघडताच सांगितले. शाळा उघडल्या होत्या आणि नावे घालायची मुदत संपली होती. भावाने मुलीचे नाव तिकडेही घातले नव्हते, कारण आई नेणार म्हणाली होती. आणि भावजयीला तान्हे मूल झाले होते, ते सांभाळायला ही पोर आयती होती. मी मनात म्हटले, सहा वर्षांची तर आहे, एका वर्षाने काय बिघडते. ज्याचे मूल नाही त्याला असे हिशेब सोपे जातात.

मी "बसला" म्हणालो ते पुढच्या शनिवारी. तेही माझ्या चांगुलपणाने नव्हे. मालकांनी हिंगणा रोडला दुसरी शेड घेतली होती आणि त्यांना तिथे माणूस हवाच होता. मी नाही म्हणालो असतो तर त्यांनी तिला काढून दुसरी आणली असती. शिकवणी धरून चार महिन्यांहून जास्तच झाले होते, पण पुढे सगळे "चार महिने" असेच म्हणू लागले. निघायच्या दिवशी तिने पेढे आणले, आणि मी नको नको म्हणत असताना माझ्या पाया पडली. "दुसरा मास्तर असता तर महिन्याभरात पास करून मोकळा झाला असता," ती म्हणाली. "तुमी ठेवलं मून हात पक्का झाला." मी पेढा खाल्ला. त्या वेळी तोंड उघडायला पेढ्याखेरीज दुसरे कारण मला सापडले नाही.

पुढे चार-पाच वर्षे मी तिला पाहिले नाही. ती त्या शेडमध्ये सोल्डरिंगची मुख्य झाल्याचे ऐकत होतो, आणि माझी विद्यार्थिनी म्हणून चारचौघांत सांगतही होतो. मग एकदा तिकडच्या स्टॅबिलायझरमधले रिले टकटक करू लागले म्हणून मालकांनी मला स्कूटरवर बसवून नेले आणि तिथे सोडले. लांब टेबल, सहा-सात बाया, पंखे बंद. ती पलीकडे उभी होती, केस थोडे पिकलेले. मला पाहून तिला खरोखर आनंद झाला. "हे माहे मास्तर," तिने सगळ्यांना सांगितले.

रिलेचा दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये निघाला. टाके सगळे उत्तम होते. सर्वांत चांगले टेबलाच्या टोकाला बसलेल्या एका बाईचे होते. तिचे मंगळसूत्र नवेच होते आणि पोट दिसू लागले होते. मी विचारले, ही किती वर्षे आहे?

"ते? ते तर शिकाऊ हाय," ती म्हणाली. "दोन महिने झाले. आनखी दोन काढा लागतीन. आपल्या इथं चार महिन्यांबिगर कोनाले पास नाई करत मी. तुमचाच कायदा चालवून राहिली."

ती बाई मान खाली घालून पुढचा टाका घेत होती. पोटुशी बाई शिकाऊ असली तर बाळंतपणानंतर तिला कोण परत घेणार? मी प्लेट खाली ठेवली. त्या वेळी बोललो नसतो तर मरेपर्यंत बोललो नसतो.

"तुहा हात पाचव्या हप्त्यातच बसला होता," मी म्हणालो.

तिला वाटले मी थट्टा करतो आहे. "मंग तो टाका? कोरडा निंघाला होता तो?"

"तो मी केला होता. मालकाले दाखवाले."

"काहून?"

"तू गेली असती तं मी एकटा पडलो असतो."

एवढेच होते. इतकी वर्षे मनात वागवलेली गोष्ट बोलायला लागली आणि एका वाक्यात संपली. बायांचे हात थांबले होते. तिने माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावरून एकेकीकडे पाहत गेली, जणू प्रत्येकीचे महिने आठवत होती. मग टोकाच्या बाईजवळ जाऊन तिच्या हातातले आयर्न काढून स्टँडवर ठेवले.

"जाय वं, हापिसात सांग, हात बसला मून. आत्ताच्या आत्ता जाय."

ती बाई उठून गेली. मग ही माझ्याजवळ आली आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

"माही पोरगी आता चौथीत हाय, मास्तर," ती म्हणाली. "वर्गात सगळ्यांत उंच तेच हाय. पोरी विचारतात तिले, तू नापास झाली होती का म्हनून."