बाहेरची कडी

"सिस्टर, तुम्हीपण आतच थांबा," मॅनेजर म्हणाले. "तुमच्याही अंगाला तो वास लागलाय."

मग बाहेरून कडी लागली.

लातूरच्या त्या खासगी दवाखान्यात त्या सकाळी कॅन्सर पेशंटांसाठी नव्या कक्षाचं उद्घाटन होतं. 'इथे कुणी एकटं नाही', असं भिंतीवर रंगवलं होतं. ज्या गयाबाईसाठी असा कक्ष हवा, ती माझ्यासोबत चादरींच्या खोलीत कोंडलेली. खिडकी नाही. वर झरोका, खाली फाटक्या गाद्या, सलाइनचे मोडके स्टँड.

कडी लागल्यावर मी पहिलं काय केलं? स्वतःची बाही हुंगली.

सवय जुनी. किनवटच्या वसतिगृहात आम्हा तिघींना जेवताना दाराजवळ बसवायचे. कपड्यांना धुराचा वास येतो म्हणून. चुली सगळ्याच मुलींच्या घरी होत्या. वास आमच्या आडनावांना यायचा. मी साबणानं हात सोलून काढायची.

गयाबाई शिरूर अनंतपाळची. छातीतली गाठ फुटून जखम झालेली. आली तेव्हा वास वॉर्डाबाहेर पोचत होता. हेड सिस्टरनी काम मला दिलं. "तुम्हाला सवय असते," म्हणाल्या. कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

तिच्या कॉटभोवती सगळे मोगऱ्याचा स्प्रे मारायचे. मग सडलेल्या मोगऱ्याचा वास यायचा. मी तो बंद केला. चिकटलेली पट्टी सलाइननं भिजवायची, ओढायची नाही. जखम हलक्या धारेनं धुवायची. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, वास आणणारे जंतू मारणाऱ्या मेट्रोनिडाझोलची पूड, त्यावर न चिकटणारी जाळी, वर वास शोषणारी कोळशाची पट्टी. ओली झाली की बदलायची, वेळेची वाट बघायची नाही. जखम बरी होणार नव्हती, हे तिलाही ठाऊक होतं. पण तीन आठवड्यांत वास गेला.

कुणाला कळलं नाही. कळायला जवळ यावं लागतं.

तिला मरायला घरी जायचं होतं. लेकाचं घर एका खोलीचं, त्यात लहान लेकरू. "वास गेला की नेतो," म्हणाला होता. मी सकाळीच त्याला फोन केला, आज या म्हणून. माझा मोबाइल आता वॉर्डातल्या टेबलावर राहिला होता.

बाहेर भाषण सुरू झालं. पाहुणे करुणेवर बोलत होते, सावकाश, माइक तपासत. दाराच्या फटीतून हार दिसत होते.

"बाई, एवढी फुलं मी मेल्यावरबी येणार न्हाईत," गयाबाई म्हणाली. आम्ही तोंडावर हात ठेवून हसलो.

तेवढ्यात दाराशीच लेकाचा आवाज आला.

"माय कुठं हाय माझी? कॉट रिकामी हाय."

"हलवलंय तिला," आया म्हणाली. "आज साहेब लोक हायत. उद्या या."

"गाडी आजच्यापुरतीच मिळाली, मावशी. उद्या कुठून आणू?"

गयाबाईनं माझं मनगट धरलं. "लेक चालला, बाई." तिच्या आवाजात दार ओलांडायचं बळ नव्हतं.

माझ्या आवाजात होतं. तरी मी गप्प उभी होते. दाराजवळ बसवलेली मुलगी. मग मी मोडका स्टँड उचलला आणि दारावर घातला. एकदा. दोनदा. करुणा थांबली.

दार उघडलं. मॅनेजरांचा चेहरा लाल.

"सिस्टर, लाज वाटते का?"

"वाटत होती. मघाशी."

गयाबाईला धरून मी पाहुण्यांमधून सरळ चालत गेले. रुमाल आधीच नाकाला लागले होते. एकेक करून खाली आले. कुणाला वास आलाच नाही. लेकानं तिला उचलताना श्वास रोखला. मग सोडला. मग पुन्हा घेतला, नीट. ती गेली, घरी.

दुसऱ्या दिवशी मला नोटीस मिळाली. कार्यक्रमात अडथळा आणल्याबद्दल लेखी माफी मागा, अन्यथा कामावरून कमी करू.

मी लेखी दिलं. ड्रेसिंग कसं केलं ते क्रमानं लिहिलं, पुढच्या सिस्टरला उपयोगी पडेल म्हणून. शेवटी लिहिलं: माझा पेशंट आत असताना दाराला बाहेरून कडी लागली, तर मी दार पुन्हा वाजवीन. उघडलं नाही, तर तोडीन.

सही केली. बाही हुंगली नाही.