चिठ्ठ्या काढलेला कोश

"काकू, एकदम क्लीन केलंय. बघा, नव्यासारखं." विश्रांतवाडीतल्या आमच्या चर्चचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या मुलाने कोश माझ्या हातात ठेवला. मी पान उघडलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तो बायबलमधल्या वस्तूंचा सचित्र कोश. इंग्रजी, जाडजूड. पानोपानी चित्रं: नांगर, जातं, तेलाचा घाणा, द्राक्षारसाचे कातडी बुधले. आईने तो जुन्या पुस्तकांच्या गाडीवरून उचलला होता, आणि तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. लोणी काळभोरच्या शेतकऱ्याची लेक ती, सातवी शिकलेली. पाळकांना विचार, दवाखान्यातल्या नर्सबाईंना विचार, असं करत तिने एकेका चित्राखाली मराठी चिठ्ठी खळीने चिकटवली. त्या चिठ्ठ्यांच्या जोरावर तिने चर्चच्या मंडळीतल्या बायकांचा रविवारचा वर्ग वर्षानुवर्षं चालवला.

आईच्या मोतीबिंदूमुळे वर्ग बंद पडला, तेव्हा घरात जागा अडते म्हणून कोश मीच ग्रंथालयाला देऊन टाकला. आता ऑपरेशन झालं, दिसायला लागलं, बायकांनी पुन्हा बोलावलं. आई म्हणाली, "माझं पुस्तक तेवढं आण." आठवडाभर ती दुसरं काही बोलत नव्हती.

आणि हे महाशय.

"चिठ्ठ्या कुठे आहेत?"

"टाकल्या ना. हेअर ड्रायर लावून एकेक काढली. दोन वीकेंड गेले."

"अरे वा. कोणी सांगितलं होतं एवढं कष्टायला?"

"अहो, पुस्तक देताना तुम्हीच म्हणाला होतात, हवं ते करा. आणि माहिती काय, सगळी नेटवर आहे."

"माझी आई काय सांगायची ते आहे का नेटवर? दे शोधून. मी थांबते."

तो कपाटाला कुलूप लावायला वळला. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे. तिथेही असंच दुसऱ्याचं काम पुसून नवं करत असेल. कपाटाला काच, काचेला कुलूप, पुस्तकाला कोणी हात लावू नये याची सगळी व्यवस्था, आणि नाव ग्रंथालय. मी त्याला आणखी बरंच सुनावलं. शेजारच्या खोलीत आई बायकांना घेऊन बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

मी कोश तिच्यापुढे ठेवला. तिने पानं उलटली, बोटाने चित्राखालची कोरी जागा चाचपली. एका चित्रापाशी थांबली.

"काय लिवलंय हे?"

मी इंग्रजी मजकूर भराभर मराठीत सांगितला. कुठे सापडलं, किती जुनं, कोणत्या दगडाचं.

"ते नव्हं. मी काय लिवलं होतं?"

"तुला आठवत नाही?"

"डोक्यात राहत नाय म्हणून तर लिवलं होतं ना. तू सांग. तू शिकलेली हायस."

मी तोंड उघडलं. एक चिठ्ठी आठवेना. कारण मी एकही कधी वाचली नव्हती. तिच्या वर्गात मी कधी बसले नव्हते. कॉन्व्हेंटात जाणाऱ्या मला तिच्या बोलण्याची लाज वाटायची.

आईने माझ्याकडे बघितलं. तिला कळलं.

"मग त्या पोरावर कशापायी खेकसलीस?" ती म्हणाली, आणि तिने पुस्तक मिटलं.