आर्मरीचं तळघर

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात बाबासाहेबांची जयंती जुन्या आर्मरीत होते. एके काळी या हॉलमध्ये सैनिक कवायत करायचे आणि इथूनच लढाईला निघायचे. आता टाउनशिप हॉल भाड्यानं देते. फरशीवर कवायतीच्या रेघा अजून आहेत, पोरं त्यावर लंगडी खेळतात.

त्या वर्षी माझी मुलगी पाच वर्षांची होती. स्टेजवर माझं गाणं होतं, म्हणून तिला शेजारच्या खुर्चीतल्या बाईंकडे दिलं. "काकूंजवळ बस हं," म्हटलं आणि माइक धरला. लोकांनी वन्स मोअर दिला, मीही हुरळून दुसरं गाणं म्हटलं.

खाली आले तर पोरगी नाही.

"बाथरूमला जायचं म्हणाली, एक काकू घेऊन गेल्या," त्या बाई म्हणाल्या.

"कुठल्या काकू?"

"अगं त्या, पांढऱ्या साडीतल्या."

जयंतीला झाडून सगळ्या पांढऱ्या साडीत! अखेर तिला नेणाऱ्या काकू सापडल्या. म्हणाल्या, "मी बाथरूमच्या दारातून सोडलं की तिला. म्हटलं, समोर काकू आहेत, जाईल."

"काकू, काकू काय लावलंय! नावं नाहीत का माणसांना?" मी किंचाळले. नाव मला तरी कुणाचं येत होतं?

पार्किंगमध्ये गाड्यांमधून धावले. कुणी उचलून नेली असेल तर? आत आले तेव्हा हॉलचा म्हातारा केअरटेकर बाथरूमशेजारच्या जिन्याकडे बघत उभा होता. तरुणपणी तो इथंच कवायत शिकला होता. खाली सैनिकांची नेमबाजीची खोली आहे, त्यानं सांगितलं. सकाळी आमच्याच लोकांनी तिथून खुर्च्या काढल्या होत्या.

"दार उघडं होतं, आत्ताच मी बाहेरून कडी घातली," तो म्हणाला. "गोळ्यांचा आवाज वर जाऊ नये म्हणून भिंती जाड बांधल्यात." बोलता बोलता त्याचा चेहरा पडला.

जिना कसा उतरले, आठवत नाही. त्यानं कडी काढली. आत काळोख होता. ती दाराला चिकटून बसली होती, गाल ओले, आवाज पार बसलेला.

मी तिला घट्ट उराशी धरलं. ती कानाशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, आय कॉल्ड यू सो मेनी टाइम्स. डिड यू हिअर मी?"

"हो गं बाळा," मी म्हणाले. "ऐकलं म्हणून तर आले."